गुडघेदुखीत योग: वज्रासन राहू द्या, आधी खुर्ची घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं वय ६२. दोन्ही गुडघ्यांना झिजेचा संधिवात, एक्स-रेच्या रिपोर्टवर ग्रेड ३ लिहिलेलं, म्हणजे झिजेच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालू नका, जिने कमी करा, व्यायाम करा. व्यायाम कोणता, ते विचारायचं राहिलं. मग आईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून जेवणानंतर वज्रासनात बसायला सुरुवात केली, चार दिवसांत उजवा गुडघा सुजला, आणि आता त्या म्हणतात, ‘योगबिग आपल्याला झेपायचा नाही.’ अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की सकाळी त्यांची बोटंही आखडतात. आणि विचारलंय, संधिवाताला कोणती आसनं चालतात?

मी बरीच वर्षं ज्येष्ठांचे योगवर्ग घेते आणि आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी गुडघ्यांची तक्रार घेऊन येतात. आसनांच्या यादीने त्यांचं काम होत नाही, असा माझा अनुभव आहे. तेच आसन एकाला बरं वाटतं आणि दुसऱ्याचा गुडघा सुजवतं, कारण सांधा किती वाकवला, किती वेळ ठेवला आणि खाली आधार काय होता, यावर सगळं ठरतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी असं बघते: आईंचा गुडघा आज किती भार सहन करतो, तो ओळखायचा कसा आणि तिथून पुढे हळूहळू वाढवायचं कसं?

पण त्याआधी बोटांचं बोलू, कारण त्यावरून बाकीचं सगळं बदलू शकतं. आपण घरात सगळ्यालाच संधिवात म्हणतो, पण त्यात निदान दोन अगदी वेगळे आजार येतात. एक झिजेचा. त्यात सकाळचा ताठरपणा असतो, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत, थोडी हालचाल झाली की सुटतो. हातांवर परिणाम झालाच तर बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी येतात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. दुसरा आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहतो, मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ते सांधे सुजतात, आणि बहुतेकदा दोन्ही हातांचे एकदमच. आईंना उद्या सकाळी एवढंच विचारा: उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागला? आणि उंचवट्यांवर हलकं दाबून बघा, मऊ सूज लागते का, दुखतं का. तसं असेल तर योगाचं नंतर बघू, आधी संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते रक्ताच्या तपासण्या सांगतील आणि गरज पडली तर मेथोट्रेक्झेटसारखी औषधं देतील. ही औषधं जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. योगामुळे बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करायची नाहीत. असे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या बोटांचं पुढे काय झालं तेही पाहिलं आहे.

आणखी एक. सांधा अचानक लाल झाला, हाताला गरम लागतो, सोबत ताप आहे, तर तो दिवस दवाखान्याचा. व्यायाम, शेक, तेल काहीच नको.

आता गुडघा झिजेचाच आहे असं धरून पुढे जाते.

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ऐकणाऱ्याला वाटतं, मग जितकं कमी वापरू तितकं जास्त टिकेल. नेमकं इथेच बिघडतं. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडायला लागतो आणि तो सुटायलाही लागतो, स्पंज दाबून सोडल्यावर पाणी शोषतो तसं. दिवसभर दिवाणावर पाय सोडून बसलं तर दाब पडत नाही, आणि वीस मिनिटं वज्रासनात बसलं तर तो सुटत नाही. शिवाय वज्रासनात गुडघा पूर्ण दुमडतो, वाटीच्या मागे दाब वाढतो आणि वरून शरीराचं वजन येतं. निरोगी गुडघ्याला ते काहीच वाटत नाही. आईंचा गुडघा सुजला त्याचं एवढंच कारण पुरेसं आहे. त्यात वज्रासनाचा दोष नाही आणि आईंचाही नाही.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूंची. गुडघ्यावर येणारा धक्का आधी हे स्नायू झेलतात. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू बारीक, आणि स्नायू बारीक म्हणून पुढच्या पायरीला आणखी कळ. आमच्या वर्गात नवीन कोणी आलं की मी गुडघ्याआधी मांडी बघते. एक पाय जास्त दुखत असेल तर त्या बाजूची मांडी बहुतेकदा नजरेलाही बारीक दिसते. हे चक्र तोडायचं तर मांडीला काम द्यायला हवं, गुडघा न दुखावता. आसनांची नावं बाजूला ठेवली तर योगातून आपल्याला इथे मुख्यतः हेच करून घ्यायचं आहे.

ग्रेडबद्दलही सांगते, कारण ग्रेड ३ वाचून घरचे घाबरतात. एक्स-रेवर दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही. चित्र बरंच वाईट आणि माणूस मजेत चालतोय, असंही असतं, उलटंही असतं. योगाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, तसं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. दुखणं कमी होतं, ताकद वाढते, जिना चढताना कठडा कमी लागतो, झोप सुधारते. ६२ व्या वर्षी हे कमी नाही.

दुखलं तर थांबायचं का, हा प्रश्न आई पहिल्याच दिवशी विचारतील. मी असं सांगते: करताना थोडं जाणवलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत. स्नायू ओढल्यासारखा, थकल्यासारखा वाटला तर उत्तमच. पण सांध्याच्या आत टोचलं, पाय एकदम लुळा पडल्यासारखा वाटला किंवा गुडघा अडकला, तर तिथेच सोडायचं. आणि नंतरचं मोजमाप जास्त महत्त्वाचं आहे. व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. बंद नाही करायचं, निम्म्यावर आणायचं. नुसता कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, त्याकडे लक्ष देऊ नका.

उजव्या गुडघ्याची सूज उतरेपर्यंत उठ-बस करू नका. तोवर फक्त पलंगावरचा सराव. आई पाय लांब करून बसतील, पाठीला तक्क्या किंवा भिंत, हे आपलं दंडासनच. गुडघ्याखाली पंच्याची जाडसर गुंडाळी. पावलं आपल्याकडे ओढायची आणि गुडघ्याने गुंडाळी खाली दाबायची. वाटीच्या वर हात ठेवून बघायला सांगा, स्नायू टणक होतो आणि वाटी मांडीच्या दिशेने किंचित सरकते. पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. मोजणं मोठ्याने हवं, म्हणजे श्वास अडकत नाही; रक्तदाब असलेल्यांना मी हे आवर्जून करायला लावते. आठ-दहा वेळा, दोन्ही पायांनी. त्यासोबत घोटे गोल फिरवणं, पावलं पुढे-मागे करणं. दिसायला हे काहीच नाही आणि बहुतेक काकू पहिल्या दिवशी माझ्याकडे ‘एवढंच?’ अशा नजरेने बघतात.

सूज उतरली की खुर्ची. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची हातवाली नको, तिचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. आई बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर असायला हवा. नसेल तर सीटवर चादर घडी करून ठेवा. पायांत मोजे नकोत. आता पुढे सरकून खुर्चीच्या कडेजवळ बसायचं, दोन्ही पावलांत खुब्याएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. धड खुब्यातून पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते ताठ बसल्या जागेवरून सरळ वर उठायला बघतात आणि सगळा भार गुडघ्यावर घेतात. झुकल्यावर टाचा जमिनीत दाबत, श्वास सोडत उठायचं. तुम्ही समोर बसून गुडघ्यांकडे बघा: उठताना ते आत, एकमेकांकडे वळतायत का? वळत असतील तर त्यांना सांगा, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाकडे न्यायचा. खाली बसताना मनात चार मोजत, धप्पकन न टेकता. ताकद खरी तयार होते ती या उतरण्यात.

पहिल्या आठवड्यात पाच वेळा पुरे, हात मांडीवर टेकले तरी चालतील. जमलं की हात छातीशी. मग चादर काढून सीट खाली आणायची, मग वेळा वाढवायच्या. हे उत्कटासनच आहे, खाली खुर्ची ठेवलेलं.

आधार घेतला म्हणजे योग ‘खरा’ नाही, असं आईंना वाटत असेल तर त्यांना पुण्याचं उदाहरण द्या. बी. के. एस. अय्यंगारांनी आयुष्याचा मोठा भाग तिथे शिकवण्यात घालवला, १९७५ मध्ये तिथे संस्था उभी केली, आणि खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड हे सगळं आजारी आणि वयस्क माणसांसाठी पद्धतशीर वापरात आणलं. आज जगभर खुर्चीवरचा योग शिकवला जातो त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

उठ-बस सुरळीत झाली की तीन-चार गोष्टी जोडा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून ताडासन आणि टाचा उचलणं. गुडघे मागे ढकलून लॉक करायचे नाहीत, अगदी किंचित सैल ठेवायचे. पलंगावर उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं, म्हणजे सेतुबंधासन. यात नितंबांचे स्नायू तयार होतात आणि चालताना गुडघा डगमगत नाही. गादी फार मऊ असेल तर हे नीट होत नाही, मग सतरंजीवर करा, पण जमिनीवरून उठताना आधाराला खुर्ची जवळ ठेवून. पावलाला ओढणी अडकवून एक पाय वर उचलणं, दुसरा गुडघा वाकलेला. पाय नव्वद अंशांत यायलाच हवा असं काही नाही. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की तिथेच थांबायचं. आणि शेवटी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाच-सात मिनिटं पडून राहणं, याने पायाची सूज आणि दिवसभराचा जडपणा उतरतो.

शवासनात गुडघ्याखाली उशी चालेल, पण रात्रभर तशी उशी घेऊन झोपायची सवय लावू नका. वाकलेल्या गुडघ्याने झोपून झोपून तो पुढे पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि मग चालणंच बिघडतं.

काय टाळायचं, तेही सांगते. सध्या वज्रासन, पद्मासन, मलासन (उकिडवं बसणं), मांडी घालून तासभर ध्यान, आणि जमिनीवर गुडघे टेकवणारे सूर्यनमस्कार नकोत. वेगात केलेलं कोणतंही सांधेसंचालन नको, विशेषतः वर्गात सगळ्यांच्या तालावर. बोटांचा आजार आमवात निघाला तर यादी वाढते: तळहातांवर शरीराचा भार नको, आणि शीर्षासन, सर्वांगासन, हलासन तर नाहीच, कारण जुन्या आमवातात मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधली पकड सैल झालेली असू शकते. मानेला झटका देऊन फिरवणंही तिथे धोक्याचं. तसंच, सांधे सुजून भडकलेले असतात त्या दिवसांत फक्त हलकी हालचाल आणि विश्रांती.

बोटं झिजेमुळेच आखडत असतील तर सकाळी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून सावकाश मूठ वळणं-उघडणं, मग अंगठ्याने एकेका बोटाच्या टोकाला स्पर्श करणं, एवढं पुरतं. रबरी चेंडू जोरजोरात दाबायला बरेच जण सांगतात. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर मी तो देत नाही. कपडे पिळणं आणि घट्ट झाकणं उघडणं मात्र घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावं.

वेळेबद्दल. योग पहाटेच केला पाहिजे, हा नियम सांध्यांना लागू नाही. उठल्या उठल्या सांधे सगळ्यात ताठर असतात. अंघोळीनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या आधी, हे बहुतेकांना मानवतं. थंडीत आणि पावसाळ्यात आधी दहा मिनिटं गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. सुजून गरम झालेला असेल तर मात्र गार शेक. रोज वीस मिनिटं केलेलं आठवड्यातून एकदा दीड तास केल्यापेक्षा चांगलं.

आसनांइतकाच फरक घरातल्या सवयींनी पडतो. देव जमिनीवर असतील तर ते टेबलावर घ्या. विळीवर चिरणं बंद, ओट्यापाशी उंच स्टूल. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची मिळते. सणावाराला पंगतीत जमिनीवर बसायचा आग्रह होतो, तो मोडून काढायचं काम तुम्ही करा, आईंना संकोच होईल. वजन जास्त असेल तर तेही बघा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की, वजन १ किलोने उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. म्हणजे तीन किलोही वाया जात नाहीत.

श्वासाचं थोडक्यात: खुर्चीत बसून अनुलोम-विलोम आणि भ्रामरी, श्वास न कोंडता. याने गुडघा सुधारतो असं मी म्हणणार नाही. पण जुनं दुखणं माणसाला चिडचिडं करतं, झोप उडवतं, आणि कमी झोपेत तेच दुखणं जास्त जाणवतं. तिथे याचा उपयोग होतो.

हे सगळं फक्त माझ्या वर्गापुरतं आहे का, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची ठाम शिफारस केली आणि योगाची सशर्त. सशर्त म्हणजे करून बघायला हरकत नाही, पण पुरावा अजून भक्कम नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तास्मानियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या ११७ रुग्णांपैकी काहींना योग दिला, काहींना स्नायू बळकट करणारे व्यायाम. १२ आठवड्यांनी दुखण्यात दोन्हींचा फरक जवळपास सारखाच निघाला. म्हणून आईंना फिजिओथेरपिस्टचे व्यायाम जास्त पटत असतील तर तेच करू द्या; मला वाईट वाटणार नाही.

फरक कधी दिसेल? सहा ते आठ आठवडे धरा. आई रोज गुडघ्याकडेच बघत राहिल्या तर त्यांना काहीच बदललं नाही असं वाटेल, म्हणून सूज उतरून उठ-बस सुरू कराल त्या दिवशीच एक नोंद करून ठेवा: ३० सेकंदांत खुर्चीतून हात न टेकवता किती वेळा उठता येतं. त्या दिवशी एकदाही नाही जमलं तर तसंच लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. आमच्या वर्गातल्या एका काकूंचं माप वेगळं होतं, एसटीची पहिली पायरी. मागून कंडक्टरने हात न लावता चढता आलं, त्या दिवशी त्यांनी वर्गात पेढे आणले.

वर्गात घालणार असाल तर आधी एक दिवस नुसतं बसून बघा. शिक्षक आल्या आल्या दुखण्याबद्दल विचारतात का, खुर्च्या आहेत का, आणि ‘थोडं अजून, थोडं अजून’ म्हणत पाठीवर हात ठेवून कोणाला दाबतायत का. दाबणारे असतील तर दुसरा वर्ग शोधा.

सध्या मात्र फक्त सूज उतरू द्या, पंच्याची गुंडाळी सुरू करा आणि बोटांचं दाखवून घ्या. निदान आमवाताचं झालं तर खुर्चीवरची उठ-बस औषधाने सूज आटोक्यात येईपर्यंत थांबवा आणि पुन्हा लिहा. मनगटांवर भार न देता सराव कसा बसवायचा ते तेव्हा वेगळं सांगावं लागेल.